खरडावे, पण कोठवर?

आपल्या बोलीतले काही शब्द राहतात चुलीपाशी, पण शिकवून जातात व्यवहार. ‘खरडणे’ हा त्यांतलाच एक, आणि ‘खरवडणे’ हा त्याचा सख्खा भाऊ. दोहोंत हात जड. हलक्या हाताने पुसले तर त्याला कोणी खरडणे म्हणत नाही.

आता उपयोग पाहा. दूध आटले की पातेल्याला लागते ती खरवड. तिच्यासाठी पोरे भांडतात. घाईने लिहिले की ‘चार ओळी खरडल्या’. पहिले कच्चे लिखाण तो खरडा. चारचौघांत कोणाला झाडले की त्याची खरडपट्टी निघाली. आणि पुराचे पाणी काळीवरून धावून खालचा मुरूम उघडा पडला, की रान खरडून गेले.

शब्द एक, पण फळ एक आहे काय? नाही. पातेले खरवडले तरी पातेले उरते. रान खरडले तर रानच जाते. कारण पातेल्याला चिकटलेले निराळे आणि पातेले निराळे. रानात जे निघून जाते तेच रान. आईच्या हाताला बूड कळते, कल्हईला धक्का लागण्याआधी ती थांबते. पाण्याला थांबणे ठाऊक नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. जनाबाईंचे गंगाखेड जिच्या काठी आहे, त्या गोदावरीला महापूर आला. ‘खरडून गेलेली जमीन’ हे शब्द सरकारी कागदावर आले. ऑक्टोबरात राज्य शासनाने अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची मदत जाहीर केली. मदत हवीच. पण इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, हेही खरे.

अशा वेळी पारावर काय ऐकू येते? ‘बांध घातला असतास तर?’ ‘नदीच्या अंगाला कशाला पेरलंस रे?’ बाबांनो, ज्याचे रान खरडले, त्याचीच खरडपट्टी काढायची?

कोणी म्हणेल, मग चूक सांगूच नये की काय? सांगावी. करपलेले काढलेच पाहिजे, नाही तर उद्याच्या दुधाला वास लागतो. पण आई काय करते ते पाहा. करपलेल्या भांड्यावर ती लगेच उलथने चालवीत नाही. आधी पाणी घालून भिजत ठेवते. मग निम्मे आपोआप सुटते. माणसाचेही तसेच. आधी त्याच्या रानात चार गाड्या गाळ टाका, पायलीभर बियाणे द्या. बांधाची गोष्ट मग निवांत काढा. तो स्वतःच म्हणेल, ‘चुकलंच माझं.’ तेवढे झाले की बूड लागले असे समजावे आणि हात आवरावा. दोष माणसाला चिकटलेला असतो. माणूस म्हणजे दोष नव्हे.

आणि एक. दुसरा कोणी बोलत नसला, तरी रात्री अंथरुणावर आपणच आपल्याला खरडत पडणारे पुष्कळ असतात. कर्ज, पोरीचे लग्न, गेलेली काळी. एकच जागा खरडता खरडता बूड फुटते. असा माणूस गप्प झालेला दिसला, तर उपदेश घरी ठेवून त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. एकदा नव्हे, रोज.