मायबाप हा एकच शब्द

कीर्तन रंगात आलेले असते. टाळ-मृदंगाच्या गजरात एक तान्हे आईच्या मांडीवर गाढ झोपते. शेजारचे दुसरे मृदंगाच्या पहिल्याच थापेला दचकून टाहो फोडते. लगेच माना वळतात. कुणीतरी म्हणतेच, "बाईनं पोर फार लाडावून ठेवलंय हो!" घरी गेल्यावर नवराही तेच ऐकवतो. वाचकहो, हा दोष खरोखर कुणाचा?

आमच्या मते कुणाचाच नाही. मूल आपला स्वभाव बरोबर घेऊन येते. न्यूयॉर्क येथील अलेक्झांडर टॉमस व स्टेला चेस या डॉक्टर पती-पत्नींनी १९५६ साली तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि ती मोठी होईपर्यंत चालू ठेवला. शंभरातली सुमारे ४० मुले सहज सांभाळता येणारी, १० चिडकी व सांभाळायला कठीण, १५ बुजरी पण हळूहळू रुळणारी आणि बाकीची सरमिसळ, असे त्यांना आढळले. परंतु चिडके मूल पुढे बिघडतेच असे नव्हे. त्याच्या स्वभावाशी घरच्यांची वागणूक जुळली तर तेही नीट वाढते, हे त्यांचे सांगणे.

आता घरचे म्हणजे प्रथम आई आणि बाप. आई म्हणते, "जरा थांबा, होईल शांत." बाप ओरडतो, "गप्प बस!" मग दोघांचीच जुंपते. दीड-दोन वर्षांच्या पोराला सगळे शब्द कळत नसतील, पण सूर कळतो. राग कसा आवरावा हे ज्यांच्याकडे पाहून शिकायचं, तेच भान हरपून बसलेले! शांत मूल हे एखादे वेळी निभावून नेईल. चिडक्याला फार जड जाते. म्हणजे ज्याच्यापायी भांडण होते, त्यालाच आई-बापांच्या एकीची गरज अधिक.

कुणी म्हणेल, बायकोने नवऱ्याचे ऐकले की झाली एकी. छे! तो नुसता धाक झाला. सप्ताहातली वीणा आठवा. सात दिवस ती खाली ठेवायची नसते. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, नमस्कार करतो आणि वीणा गळ्यात घेतो. "तुला नीट जमलं नाही," असे देणाऱ्याला कुणी बोलत नाही. रडते पोरही असेच या हातातून त्या हातात जावे.

विठ्ठलाला आपण मायबाप म्हणतो; तिथे आई वेगळी, बाप वेगळा उरत नाही. राउळात हा शब्द सोपा आहे. मध्यरात्री पोर रडत असताना तो दोघांनी मिळून खरा करायचा, हे अवघड. पण प्रपंचातला परमार्थ तो हाच, असे आम्हांस वाटते.