अंतर आणि वेळ

मराठीतील ‘अंतर’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. दोन गावांमधील वाटेला आम्ही अंतर म्हणतो, दोन मनांत पडलेल्या दुराव्यालाही अंतरच म्हणतो. आणि संकटकाळी आपल्या माणसाचा त्याग करणे, याला ‘अंतर देणे’ असे म्हणतो. विमानविद्येने यांपैकी पहिले अंतर पुष्कळसे जिंकले आहे. त्यायोगे उरलेली दोन कमी झाली काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

मुंबई व नागपूर ही दोन शहरे घ्या. सरळ रेषेत त्यांमध्ये सुमारे 680 किलोमीटर अंतर आहे. लोहमार्गाने ते 837 किलोमीटर भरते. विमानास हा प्रवास सुमारे दीड तास पुरतो. आकाशातील वेग पाहता त्याहूनही कमी वेळ लागावा. परंतु वर चढणे, खाली उतरणे आणि धावपट्टी मोकळी होण्याची वाट पाहणे, यांत बराच काळ जातो. आगगाडीने जाणाऱ्यास मात्र एक अखंड रात्र खर्ची घालावी लागते. भूमी तीच, गावे तीच. वेळ मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे निराळा.

या भेदाचे मर्म पाहावयाचे असल्यास परळच्या भोईवाड्यात यावे. तेथून जवळच 1926 साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आणि 1941 साली उघडलेले टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. कर्करोगावरील उपचारासाठी विदर्भातून आणि देशाच्या अन्य प्रांतांतूनही रुग्ण येथे येतात. ज्यांना खोली परवडत नाही अशी कुटुंबे आसपासच्या पदपथांवर दिवस काढतात. त्यांच्या लेखी नागपूर दीड तासावर नसते. मागे राहिलेली शेती, शेजाऱ्यांच्या हवाली केलेले मूल, संपत आलेला पैसा, या मापांनी ते अंतर मोजतात. याउलट, दीड तासात येणे ज्याला सहज शक्य आहे असा आप्त सवड नाही म्हणून येत नाही, तेव्हा ते अंतर आणखीच वाढते. पूर्वी वाट लांब होती, ही सबब खरी होती. वेगाने ती हिरावून घेतली आहे. सामर्थ्याबरोबर कर्तव्यही वाढते, हा नीतीचा जुना नियम येथेही लागू आहे.

वेग निंद्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. 1949 साली रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परतत. विमानाचे तिकीट ज्याला जन्मात परवडले नसते, त्याचेही पत्र त्या वेगात भागीदार होई. वेग असा वाटून घेतला म्हणजेच तो लोकोपकारी ठरतो.

भोईवाडा म्हणजे भोयांची वस्ती. भोयांनी पालख्या वाहिल्या, तेव्हा वाट त्यांच्या पावलांनी मोजली जाई आणि एकाच्या सुखाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडे. यंत्राने तो खांदा मोकळा केला, हे उत्तमच झाले. परंतु मोकळा झालेला खांदा आणि वाचलेला वेळ कोणाच्या कामी येतो, हे ठरविणे यंत्राच्या हाती नाही. विमान आम्हांस दीड तासात पोचवील. अंतर न देणे हे मात्र आमचे आम्हांसच करावे लागेल.