दुःखाचा रिपोर्ट

शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, आणि रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. त्यामुळे लघवीत ते मोजून मन उदास का, हे कळत नाही. काही दुर्मिळ गाठी शोधायला अशी रसायनं लघवीत तपासतात. नैराश्याचं निदान मात्र डॉक्टर आजही विचारूनच करतात. झोप कशी, भूक कशी, किती दिवसांपासून. तरी ‘न्यूरोट्रान्समीटर टेस्ट’ ऑनलाइन विकली जाते. का, ते मला गोरेगावात कळलं.

ऐन रोवणीत माझ्या चुलतबहिणीची झोप उडाली. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं नॉर्मल. (थायरॉइड तपासणं बरोबरच होतं.) "मग काही नाही झालं तुला," काका म्हणाले. रात्री ती मोबाईलवर ही टेस्ट शोधत होती. मला वाटतं, तो आकडा तिला काकांना दाखवायला हवा होता.

यात विकणाऱ्यापेक्षा मला आपलाच दोष मोठा वाटतो. गुडघा दुखतो म्हणून काका बांधीत उतरायचे थांबले, तेव्हा कुणी रिपोर्ट मागितला नव्हता. त्यांनी सांगितलं, आम्ही मानलं. बहीण तर महिनाभर सांगत होती. टेलिमानसच्या 14416 नंबरवर रिपोर्ट न मागता ऐकून घेतात. पण तो फोन करायलाही तिला घराबाहेर जावं लागतं.