हळदीचं पाणी

मंद्रूपच्या एका दवाखान्यात एक पोरगा नव्याने कामाला लागला. टीबीच्या संशयितांचा बेडका मोटारसायकलवरून सोलापूरच्या प्रयोगशाळेत पोचवायचा, एवढंच काम. पण सिस्टरची बांधाबांध बघून तो वैतागला. आधी बेडक्याची नळी, तिच्या झाकणाभोवती ताणून चिकटवलेली पट्टी, नळीला कापूस, त्यावर न गळणारी पिशवी, मग टणक डबा. नमुना २ ते ८ अंशांत राहावा म्हणून डब्यात गार जेलची पाकिटं. रुग्णाच्या नावाचा कागद मात्र वेगळ्या पिशवीत.

"एका नळीसाठी एवढं कशाला, सिस्टर? झाकण घट्ट आहे की."

सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. दोन नळ्यांत हळदीचं पाणी भरलं आणि दोन्ही झाकणं मुद्दाम अर्धा आटा सैल ठेवली. एक नळी चिठ्ठीसकट साध्या कॅरीबॅगेत टाकली, दुसरी रीतसर बांधली. "तेरामैलापर्यंत जाऊन ये," म्हणाल्या.

पोरगा परतला तेव्हा कॅरीबॅग पिवळी, हँडल पिवळं, मोबाइल काढला तो खिसा पिवळा. घाम पुसला होता, म्हणून कपाळही पिवळं. चिठ्ठीवरचं नाव वाचता येईना. दुसरा डबा बाहेरून कोरडा होता. उघडला तर आत कापूस तेवढा पिवळा झालेला. पाणी पिशवीपर्यंतही पोचलं नव्हतं.

"हळद होती म्हणून दिसली," सिस्टर म्हणाल्या. "जंतू दिसले नसते. तसाच घरी जाऊन लेकराला उचललं असतंस. डबा बांधताना तो उघडणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर आणायचा."

"आणि नळी गळली तर?"

"तपासणी होत नाही. नमुना पुन्हा मागवतात. द्राक्षबागेत रोजाने जाणारी बाई त्यासाठी आणखी एक दिवस बुडवते, आणि तोवर घरात खोकत राहते."

पोरगा गप्प झाला. खरं तर त्याचं चुकलं एवढंच, की झाकण त्याने टेबलावर उभ्या नळीचं बघितलं होतं, गतिरोधकावरून उडालेल्या नळीचं नाही. जगभर संसर्गजन्य नमुने नळी, पिशवी आणि डबा याच तीन आवरणांत जातात, विमानातसुद्धा.

दवाखान्यातल्या कचऱ्यालाही हाच न्याय. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सुया टोचून आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, आणि रक्ताने भिजलेला कचरा प्रक्रियेविना ४८ तासांहून जास्त ठेवायचा नाही. नियम दवाखान्यांना आहेत, पण सुया आता घरोघरी आहेत. तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल, तर वापरलेली सुई घंटागाडीत टाकू नका. जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि जवळच्या दवाखान्यात विचारून तिथे द्या. घंटागाडीवरचा माणूस कचरा हातानेच निवडतो.