रंगाआधीची घासाघीस

घरी पापड करतात, कुरड्या करतात, हे आम्हां वऱ्हाडकरांना ठाऊक. घरी विमान करतात हे मात्र मला फार उशिरा कळलं. मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव नावाच्या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. (आमच्याकडे गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या तरी शेजारणी महिनाभर बोलत नाहीत!) फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडलं गेलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली.

लोक उडण्याचं कौतुक करतात. मी अडकलो रंगापाशी. अमेरिकेत अशा हौशी मंडळींची संघटना १९५३ पासून आहे. विमान फोम आणि काचतंतूंचं असेल, तर विणीच्या खाचा भरायला लांबी लावायची आणि मग ती घासत बसायचं. लावलेल्यातली बहुतेक पुन्हा धूळ म्हणून झाडून टाकायची, कारण उरेल तेवढं वजन. मग अस्तर. अस्तरावर काळ्या रंगाचा पुसट फवारा, आणि पुन्हा पॉलिश पेपर. उंचवट्यावरचा काळा निघून जातो, खळग्यातला राहतो. दोष आपणहून हात वर करतो म्हणा ना! पत्र्याच्या विमानाचं उलट. तिथे जोर करून घासलं तर वरचा गंज रोखणारा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थरच जायचा, आणि खोल ओरखड्यातून पुढे तडा.

एवढं करून वर रंग बसला की खालचं काहीच दिसत नाही. मग ही हाडं कोणासाठी झिजवायची?

हा प्रश्न तत्त्वज्ञांचा. माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला तो पडला एका स्कूटरमुळे.

वडिलांची जुनी स्कूटर विकायला काढली, तेव्हा पाय ठेवायच्या पत्र्याला गंजून रुपयाएवढं भोक पडलं होतं. अमरावतीतल्या आमच्या पेंटरने वाकून पाहिलं.

"साहेब, पत्रा कापा लागते. वेल्डिंग करा लागते. मंग अस्तर. चार दिस जातीन."

गिऱ्हाईक रविवारी यायचं होतं. मी म्हटलं, "नुसत्या लांबीनं नाही भागणार?"

डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडे पाहतात तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. "दिसाले भागन."

भागवलं. भोकात लांबी, वर आकाशी रंग. अकोल्याच्या एका मास्तरांनी गाडी घेतली. पैशांची घासाघीससुद्धा केली नाही. रंगावरून हात फिरवला नि म्हणाले, "बँकेतले मानसं तुमी, पाह्याचं काय त्यात!"

मी मनाची समजूत घातली, की त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कर्जदार नेमकं हेच म्हणतो तेव्हा आम्ही त्याची फाइल परत करतो.

विमान बांधणारा स्वतःच त्यात बसतो, म्हणून घासतो, यात नीती कसली, भीती आहे, असंही कोणी म्हणेल. मलाही ते सोयीचं वाटलं होतं. मागच्या सीटवर बसून अकोल्यापर्यंत जायचं असतं तर मीही चार दिवस थांबलो असतो. पण पंखाच्या पोटाखालची बाजू जरा खडबडीत राहिल्यानं कोणी पडत नाही. तिथे कोणी पाहतही नाही. तरी ही माणसं पाठीवर झोपून, डोळ्यांत धूळ घेत तीही घासतात. इथे माझा हिशेब टॅली होत नाही.

वर्षभराने अकोल्याच्या बसस्टँडवर मास्तर भेटले. स्कूटरच्या पायाशी नट-बोल्ट मारून सागवानी फळी बसवलेली.

"ब्रेक दाबाले गेलो अन् टाच आरपार, बाप्पा! नशीब, गाडी हळू होती." मग माझा चेहरा पाहून घाईने म्हणाले, "तुमाले थोडीच माहीत असन! आतून गंजलं होतं."

मी "नाही" म्हणालो.

"बसा मांगं, स्टेशनवर सोडतो."

बसलो. स्टेशन येईपर्यंत मी दोन्ही पाय अधांतरी धरून होतो.