बटणावरची चिकटपट्टी

माझ्या बाबांनी भोसरी एमआयडीसीत तीसेक वर्षं मशीन मेंटेनन्सचं काम केलं. मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रात्री बाथरूमला जाताना आईला उठवावं लागू नये, म्हणून मी त्यांच्या खोलीत बोलून लागणारा बल्ब बसवला. आता या बल्बची गंमत अशी, की भिंतीवरचं बटण बंद केलं की तो बहिरा होतो, कारण त्याला वीजच मिळत नाही. आणि आईला आयुष्यभराची सवय, खोलीतून निघताना बटण बंद करायची. दोनदा सांगून झालं. मग मी बटण चालू ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली आणि शेजारी चिठ्ठी, ‘बंद करू नये’.

बाबा खूश होते. आमच्या स्पीकरला मराठी येत नाही, त्यामुळे ते हिंदीत सांगायचे, तेही जरा अदबीने, बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं. आई म्हणायची, घरात परका माणूस ठेवल्यासारखं वाटतं.

मे महिन्यातल्या एका रात्री वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. इन्व्हर्टर चालू होता, म्हणजे बल्बला वीज होती, स्पीकरला होती, राउटरलाही होती. पण बाहेर गल्लीतल्या फायबरच्या डब्याची वीज गेलेली. बाबांनी तीनदा सांगितलं. स्पीकर तीनदा म्हणाला, इंटरनेट नाही. मग ते अंधारात, वॉकर न शोधता, भिंतीला धरत बटणापर्यंत गेले, चिकटपट्टी ओढून काढली आणि बटण एकदा बंद करून चालू केलं. बल्ब लागला. बहुतेक स्मार्ट बल्ब वीज परत आली की आपोआप लागतात. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ते पडले नाहीत. मला हे सगळं सकाळी कळलं.

असं का होतं? स्पीकर स्वतः ओळखतो ते फक्त त्याचं नाव. पुढचं वाक्य तो दूरच्या सर्व्हरकडे पाठवतो, तिथे त्याचा अर्थ लागतो, तिथून हुकूम बल्बच्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि मग घरी परत येतो. बल्ब पलंगापासून आठ फुटांवर. मधली एक कडी तुटली की संपलं. 20 ऑक्टोबर 2025ला, आपल्याकडे नरक चतुर्दशी होती, अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि बऱ्याच लोकांच्या अलेक्साने उत्तर देणं थांबवलं. ऐन दिवाळीत. त्याआधी एप्रिल 2022मध्ये इन्स्टिऑन नावाच्या अमेरिकन कंपनीने न सांगता सर्व्हर बंद केले होते. ग्राहकांची उपकरणं धडधाकट होती, फक्त त्यांचं ऐकणारं कुणी उरलं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात सर्व्हर कधीतरी पडणार हे गृहीतच धरलेलं असतं. तरी घरात मी तो विचार केला नाही. बाबांनी केला असता. कारखान्यातल्या मशीनवर लाल, छत्रीसारखं इमर्जन्सी बटण असतं. बाबा सांगतात, त्याची तार ते प्रोग्रामच्या भरवशावर सोडत नाहीत, ती थेट मशीनची वीज तोडणाऱ्या सर्किटला जाते. शिवाय तिचा जोड कायम लागलेला असतो. म्हणजे उंदराने तार कुरतडली तरी मशीन सुरू राहत नाही, थांबतं. कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय, की हे बिघडलंच तर कामगाराच्या बाजूने बिघडेल.

वस्तू बिघडणारच. ती कुणाच्या बाजूने बिघडेल हे बसवणारा ठरवतो, आणि त्याला तांत्रिक बाब म्हणून हात झटकता येत नाहीत. मी चिकटपट्टी लावली तेव्हा ते ठरवलं होतं, बाबांना न विचारता. नुकसान त्यांच्या गुडघ्याचं झालं असतं, माझं नाही. कंपनीला काय दोष देणार, बटण तर मी झाकलं.

म्हणून स्पीकर फेकून द्यावा, असं आई म्हणते. मला तेही पटत नाही. ज्याला उठता येत नाही त्याच्यासाठी आवाजाने लागणारा दिवा ही चैन नव्हे. इंटरनेटशिवायही तो चालू शकतो. काही स्पीकरमध्ये झिगबीचा हब आतच असतो, ते मोजके हुकूम घरातल्या घरात पाळतात. रास्पबेरी पायवर होम असिस्टंट टाकून आवाज घराबाहेर न पाठवताही काम होतं. मी करून पाहिलं, व्हिस्परचं छोटं मॉडेल घालून, मराठीत. बाबा ‘दिवा लाव’ म्हणाले. सात-आठ सेकंदांनी स्क्रीनवर भलतंच काहीतरी उमटलं. बाबा म्हणाले, एवढ्यात मी जाऊन आलो असतो.

शेवटी बटणाच्या मागे एक छोटं रिले मॉड्यूल बसवलं, बल्ब साधा केला, आणि जिन्यात असतं तसं टू-वे बटण पलंगाशी घेतलं. आता आवाजानेही लागतो, दोन्ही बटणांनीही. मी स्टुलावर होतो, बाबा खाली खुर्चीत बसून कुठली तार कुठे ते सांगत होते. मेन स्विच बंद केलास का, हे त्यांनी चार वेळा विचारलं. मी तीनदा हो म्हणालो आणि चौथ्यांदा उतरून बघून आलो.