अनिकेताचे ऋण

बेंगळूरच्या कोरमंगला भागात, 11 महिन्यांच्या भाडेकराराची मुदत संपताच, घरमालकाकडून अनामत परत घेऊन, पलंग, फ्रिज आणि गॅसची शेगडी विकून, उरलासुरला संसार पाठीवरच्या एका पिशवीत भरून जो तरुण अभियंता आज गोकर्णास तर उद्या धरमशाळेस राहतो आणि तेथून लॅपटॉपवर आपली नोकरी चोख बजावतो, त्याला चंचल म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. 2020 च्या मार्चमध्ये कचेऱ्यांची दारे बंद झाली, तेव्हा काम आणि कचेरी यांची गाठ अतूट नाही हे या शहरास उमगले. परंतु त्यातून उभा राहिलेला प्रश्न अर्थशास्त्राचा नसून धर्माचा आहे. घर सोडल्याने मनुष्य मुक्त होतो काय, आणि होत असेल तर कशापासून?

आपल्या परंपरेने गृहत्यागास मोठा मान दिला, पण तो अनिर्बंध कधीच मानला नाही. मनुस्मृतीने तीन ऋणे फेडल्यावाचून मोक्षाकडे मन लावण्यास मनाई केली. परिव्राजकास पावसाळ्यात, पायांखाली जीवजंतू चिरडू नयेत म्हणून, एका ठिकाणी थांबण्याचा चातुर्मासाचा नेम घालून दिला. बाराव्या शतकात याच कन्नड भूमीवर बसवण्णांनी दगडी देवालयाहून चालत्याबोलत्या जंगमास श्रेष्ठ ठरवले, तरी त्यांच्या अनुयायी शरणांच्या धर्मात कायक आणि दासोह ही जोडी अभंग राहिली: प्रामाणिक श्रमाने मिळवावे आणि मिळवलेले समाजाच्या सेवेस लावावे. आजच्या फिरत्या अभियंत्यापाशी कायक आहे. दासोहाचे काय, एवढेच त्याला विचारावयाचे आहे.

या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ उलगडा मला विनोबांच्या चरित्रात दिसतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताला ‘अनिकेत’, म्हणजे घर नसलेला, म्हटले आहे. त्या गीतेवरील प्रवचने विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिली, म्हणजे जेथून पाऊल बाहेर टाकण्याची मुभा नव्हती अशा जागी त्यांनी अनिकेत भक्ताचे चिंतन केले. पुढे 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीस पहिले भूदान मिळाल्यावर सुमारे 13 वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. कोठडीतला आणि वाटेवरचा अनिकेत एकच होता, कारण त्याचे अनिकेतपण पायांत नसून ममत्वाच्या विसर्जनात होते. आणि हा निर्मम पुरुष ज्या गावी पोहोचे, तेथील भूमिहीनाचा त्याच्यावर हक्क पोहोचे. घर सोडून त्याने आपल्याकडे गाऱ्हाणे मांडणाऱ्यांची संख्या वाढवली होती.

बँकेच्या अर्जात ‘कायमचा पत्ता’ असा एक रकाना असतो. कालच खोली रिकामी केलेला तरुण तेथे बेळगावच्या आईवडिलांच्या घराचा पत्ता लिहितो. त्याच्या नावे आलेले टपाल तेथे आई सही करून घेते आणि देवघराशेजारच्या फळीवर नीट ठेवते. एकाचे चालणे दुसऱ्याच्या थांबण्यावर उभे असते, ही गोष्ट त्या रकान्याइतकी स्पष्ट कोणत्याही भाष्याने केलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे इतकेच की, ज्याला घर सोडावयाचे आहे त्याने ते खुशाल सोडावे, परंतु चातुर्मासाचा विवेक सोबत न्यावा. एका गावी इतके तरी राहावे की तेथील विहिरीचे पाणी, शाळेतील मुले, शेजाऱ्याचे आजारपण यांचा भार आपल्यावर थोडा पडेल, आणि केवळ भाडे चुकते करून निघून जाणे जड वाटेल. घरावरचा हक्क आपला असतो, म्हणून तो सोडता येतो. इतरांचा आपल्यावरचा हक्क मात्र त्यांचा असतो, आणि जे आपले नाही त्याचा त्याग आपण करू शकत नाही.